खाण पाहिजे की नको, टिक मारा म्हणे

मा. संपादक,

मागच्या महिन्यात आमच्या कॉलेजात एक सर्व्हे आला, खाणी आणि पर्यावरण यावर विद्यार्थ्यांना काय वाटतं वगैरे. मी डिचोली तालुक्यात शिकवते. शेवटचा प्रश्न असा की गोव्यात लोहखनिजाच्या खाणी चालाव्यात का, हो/नाही. पणजीकडच्या मुलांनी पटापट 'नाही'वर टिक मारली. आमच्या खाणपट्ट्यातली पोरं मात्र पेन चावत बसली, आणि एकाने दोन्हीवर टिक केली. सर्व्हेवाल्यांनी त्याचा फॉर्म बाद म्हणून बाजूला काढला, तेच मला खटकलं म्हणून हे पत्र.

त्या मुलाच्या घरामागे खाणीचा माल वाहणारा वडलांचा ट्रक उभा आहे, टायर कधीच विकले, केबिनमध्ये आता कोंबड्या अंडी घालतात. 2012 ला खाणी बंद झाल्या तेव्हा हा सहा वर्षांचा, परत सुरू झाल्या आणि 2018 ला सुप्रीम कोर्टाने खाणींच्या 88 लीज रद्द केल्या तेव्हा बारा. म्हणजे खाणबंदी त्याला कळली ती बाबा दिवसभर घरी असतात आणि बँकेचा माणूस आला की आई मागल्या दारी जाते, अशी. आणि त्याच घरचं शेत खाणीच्या डंपच्या, म्हणजे टाकाऊ मातीच्या ढिगाच्या, खाली. पावसात लाल गाळ ओहळातून थेट शेतात, आजी अजून वायंगणाच्या (उन्हाळी पिकाच्या) भाताच्या गोष्टी सांगते. खाणीचा खड्डा भूजलाच्या खाली गेला की पाणी उपसावं लागतं आणि मग आजूबाजूच्या विहिरी आटतात, आमच्या तालुक्यातल्या शिरगावला विचारा. आता सांगा, त्याने एकच टिक कुठे मारायची?

पणजीच्या मुलांना मी दोष देत नाही हां, त्यांनी खाण पाहिली ती मांडवी नदीतून खनिज नेणारी बार्ज. पण त्यांना 'जागरूक' म्हणायचं आणि आमच्या पोरांना 'पैशासाठी खाणीच्या बाजूचे', हे काय?

खरं तर विचारायचं असेल तर किती आणि कुठे ते विचारा. 2010-11 ला चीनच्या मागणीपायी गोव्यातून वर्षाला 5 कोटी टनांच्या वर माल निर्यात झाला, आणि 2014 ला कोर्टाने खाणकामावर वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घातली, या दोन आकड्यांत केवढा फरक आहे! आणि खनिज कायद्याच्या 2015 च्या दुरुस्तीनंतर जिल्हा खनिज फाउंडेशन आलं, खाणवाले रॉयल्टीच्या प्रमाणात त्यात पैसे भरतात, ते खाणग्रस्त गावांसाठी असतात. वर्गात विचारलं कोणाला माहीत आहे, चाळीसात दोन हात वर. तो पोरगा वर्ग सुटल्यावर मागे थांबला, मॅडम या पैशातून शेतातला गाळ काढून देतात काय? मी म्हटलं पंचायतीत लेखी अर्ज दे आणि पोच घे. सोमवारी जातो म्हणालाय, आजीला घेऊन.

– एक शिक्षिका, डिचोली