साउंड कार्ड विकण्याआधी गरज विचारणाऱ्या दुकानदार काकांस

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

वडिलांनी कीर्तन सप्ताहात ध्वनिमुद्रित केलेल्या कॅसेटी संगणकावर उतरवण्यासाठी साउंड कार्ड (संगणकात आवाज घेणारे उपकरण) घ्यायला मी पुण्याच्या तपकीर गल्लीत आपल्या दुकानी आले, तेव्हा १९२ किलोहर्ट्झ आणि ७.१ चॅनेल असे ठळक छापलेले खोके पुढे न सरकवता आपण आधी "रेकॉर्ड काय करायचंय?" असे विचारलेत, त्याबद्दल हे जाहीर आभार.

कॅसेटवरचा मोठ्यात मोठा आवाज आणि फितीची स्वतःची खरखर यांत साधारण ५० ते ६० डेसिबलचेच अंतर असते, तर १६ बिटचे साधे कार्ड तत्त्वतः ९६ डेसिबलपर्यंतचे अंतर पेलते (बिट जितके जास्त, तितके हे अंतर जास्त). हा हिशेब ऐकल्यावर २४ बिटसाठी जादा पैसे मोजण्याचा विचार मी तिथेच सोडला. माझी तक्रार मुळात वेगळीच होती. मदरबोर्डवरच्या इनपुटमधून मुद्रण केले की अभंगामागे बारीक चिरचिर येई आणि माउस हलवला की तिचा सूर बदले. कॅबिनेटच्या आत ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) यांच्या शेजारी बसलेले ध्वनीचे सर्किट त्यांचा विद्युत गोंगाटही उचलते, उलट यूएसबी कार्डात आवाजाचे आकड्यांत रूपांतर कॅबिनेटबाहेरच होते, हे आपण कागदावर चौकट काढून समजावलेत. आपण सुचवलेले बेहरिंगरचे यूसीए२०२ दिसायला अगदीच किरकोळ आहे, पण त्याला दोन आरसीए इनपुट (डाव्या-उजव्या चॅनेलची गोल भोके) आहेत, वेगळा ड्रायव्हर लागत नाही आणि कॅसेट डेकच्या लाइन आउटची (आवाज बाहेर देणाऱ्या भोकाची) तार थेट जोडता येते. तीच तार माइकच्या गुलाबी भोकात खुपसली तर आवाज फाटतो, आणि पुष्कळदा एकच चॅनेल मिळतो, हेही आपण बजावलेत.

सर्वांत मोलाचा सल्ला मात्र फुकटचा होता. फीत थांबवून, हेडफोन लावून आधी नुसती शांतता मुद्रित करून ऐकावी, आणि घुंघुं ऐकू आली तर ती बहुधा ५० हर्ट्झची, अर्थिंगची असते, तेव्हा कार्डाला दोष न देता डेक आणि संगणक एकाच बोर्डावर घ्यावेत. तसे करताच ती घुंघुं गेली. दुसरे म्हणजे मुद्रणाची पातळी बुवांच्या निरूपणावर न लावता गजरातल्या टाळांवर लावावी आणि टाळ उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नयेत (शून्य ही आवाज फाटण्याची हद्द). निरूपण त्यामुळे थोडे हळू वाटते, पण ते नंतर वाढवता येते, फाटलेला टाळ मात्र सुधारत नाही.

खरखर काढणारे फिल्टर वापरू नका, हा आपला आग्रह मला पूर्ण पटलेला नाही. फारच खराब कॅसेटींना मी ते हलक्या हाताने लावते, मूळ फाइल मात्र वेगळी जपून ठेवते. डेकचे हेड पुसायला दिलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल संपत आले आहे, ते घ्यायला येईन तेव्हा गजराची एक फाइल ऐकवायला आणते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक ग्राहक