काळ्या मातीत शोषखड्डा नको

महोदय,

सोलापूरच्या हद्दवाढ भागात ड्रेनेज नाही तिथे सेप्टिक टँकचे पाणी सर्रास शोषखड्ड्यात सोडतात. काळी माती भिजली की फुगते, पाणी मुरत नाही. तिथे वाळूचा उंचवटा बरा, म्हणजे जमिनीवर वाळूचा थर रचून टाकीचे पाणी त्यातून मुरवायचे.

जमीन कोरडी असतानाच नांगरावी. ओली नांगरली तर चिकट थर बसतो. वर दोन फूट धुतलेली जाड वाळू, नऊ इंच खडी, खडीत छिद्रांचे पीव्हीसी पाइप, जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे, माती अडवणारे कापड), फूटभर माती, हरळी. टाकीचे पाणी या पाइपांत पंपाने, थोडे थोडे सोडावे.

घात होतो तो वाळूत, तिच्यात गाळ असला तर. बरणीत दोन इंच वाळू पाण्यात हलवून अर्धा तास ठेवा. वर तीन मिलिमीटरहून जाड गाळ बसला तर ट्रक परत पाठवा, गवंडी काहीही म्हणो. उंचवट्यावर गाडी लावू नये.

– एक वाचक, सोलापूर