जुन्या ड्रमला थिनर लावण्याआधी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत जुन्या वाद्यांना नवे रूप देण्याविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात एका जुन्या अमेरिकन ड्रमसेटवरचा काळा ऑइल पेंट थिनर आणि हॉट एअर गनने काढून, शेल (म्हणजे ड्रमचे पोकळ नळकांडे) लाकडापर्यंत घासून त्यावर चकचकीत लाल रंग चढवल्याचे कौतुकाने सांगितले आहे. लेखामागचा हेतू चांगला आहे आणि भंगारात निघालेले वाद्य पुन्हा वाजते झाले याचा मलाही आनंद वाटतो. परंतु ती पद्धत वाचून कोणी आपल्या घरातल्या, चर्चमधल्या किंवा बँडच्या खोलीतल्या जुन्या ड्रमवर थिनरचा बोळा फिरवला, तर जे वाचवायला हवे तेच पुसले जाईल. ड्रमची दुरुस्ती हा माझा व्यवसाय असल्यामुळे याविषयी चार गोष्टी सांगणे मला आवश्यक वाटते.

शिकागोच्या लुडविग आणि स्लिंगरलँड किंवा ब्रुकलिनच्या ग्रेच या कंपन्यांच्या विसाव्या शतकाच्या मध्यावरील ड्रमचे देखणेपण पुष्कळदा रंगातून आलेले नसते. लाकडी शेलवर सेल्युलॉइडचा पातळ ताव गुंडाळून चिकटवलेला असतो. त्याला आमच्या धंद्यात रॅप म्हणतात. शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी पांढरी झाक असलेला व्हाइट मरीन पर्ल, काळ्या-करड्या लाटांचा ऑयस्टर ब्लॅक पर्ल आणि चमचमणारे स्पार्कल हे सगळे या तावांचेच प्रकार. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी अमेरिकन दूरचित्रवाणीवर बीटल्स पहिल्यांदा वाजले, तेव्हा त्यांचा ड्रमवादक रिंगो स्टार याच्यापुढे ऑयस्टर ब्लॅक पर्लचाच लुडविग सेट होता. रिंगोचा १९६३ सालचा त्याच रॅपचा सेट २०१५ मध्ये लिलावात वीस लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला. एवढी किंमत अर्थातच वाजवणाऱ्याच्या नावाची आहे. पण सर्वसाधारण जुन्या ड्रमच्या बाबतीतही संग्राहक सर्वांत आधी मूळ रॅप शाबूत आहे का हेच विचारतो आणि तो खरवडून काढलेला असेल तर निम्म्याहून अधिक रस तिथेच संपतो.

मग इतक्या देखण्या वस्तूवर कोणी ऑइल पेंट का फासला, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याची कारणे अगदी साधी आहेत. पांढरा मरीन पर्ल उजेडाने आणि वयाने पिवळा पडतो. धुराने भरलेल्या हॉटेलांत रात्र रात्र वाजलेल्या सेटवर तर चहाच्या डागासारखी छटा येते. बँडचा गणवेश बदलला की ड्रमही त्या रंगाचे करून घेण्याची पद्धत होती. मुंबईत आणखी एक कारण होते. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी आणि टेडी वेदरफोर्ड यांच्यासारखे आफ्रिकन-अमेरिकन जाझ वादक वाजवून गेले. त्यानंतर गोवेकर आणि पारशी वादकांनी हॉटेलांतले वाद्यवृंद आणि चित्रपटांची ध्वनिमुद्रणे दोन्ही सांभाळली. तालवादक कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केर्सी लॉर्ड यांची नावे हिंदी चित्रपटसंगीताच्या जाणकारांना सांगायला नकोत. स्वातंत्र्यानंतर परदेशी वस्तूंच्या आयातीवर कडक बंधने आली आणि इथे असलेला परदेशी सेट हातोहात फिरत राहिला. सुटा भाग मिळेना, रॅप उचकटला तरी बदलता येईना, तेव्हा मालकाने कोपऱ्यावरच्या रंगाऱ्याला बोलावून सगळ्यावर एकच हात फिरवून घेतला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्या ऑइल पेंटने पुष्कळ ड्रम कचऱ्यात जाण्यापासून वाचवले आहेत.

तो रंग उतरवताना मात्र खरी काळजी हवी. फर्निचरच्या कामासाठी आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा एनसी थिनर हा नायट्रोसेल्युलोज लॅकर पातळ करण्यासाठीच बनवलेला असतो, आणि जुने रॅप बऱ्याचदा त्याच नायट्रोसेल्युलोजचे असतात. म्हणजे वरचा ऑइल पेंट सुटण्याआधी खालचा मूळ ताव विरघळू लागतो. ॲसिटोन आणि बाजारातले पेंट रिमूव्हर यांचाही परिणाम तोच. हॉट एअर गन त्याहून धोक्याची, कारण हे सेल्युलॉइड झटकन पेट घेते. त्याच्याजवळ ज्योत किंवा तापलेली हवा नेणे म्हणजे ड्रमबरोबर कारखानाही पणाला लावणे होय.

म्हणून हत्यार उचलण्याआधी ड्रम नीट पाहावा. रंगारी सहसा लग, म्हणजे ड्रमचा पडदा (हेड) ताणणारे स्क्रू ज्यात बसतात तो शेलवरचा धातूचा तुकडा, उघडत नाही. तो लगच्या कडेकडेने ब्रश फिरवतो. आतल्या बाजूने दोन स्क्रू सैल करून एकच लग काढला की त्याच्या बुडाच्या आकाराची, रंग न लागलेली एक खिडकी दिसते. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आलेल्या एका फ्लोअर टॉमवर (जमिनीवर पायांवर उभ्या राहणाऱ्या मोठ्या ड्रमवर) काळ्या रंगाचे तीन थर होते, सर्वांत वरच्या थरात ब्रशचे केसही अडकलेले; पण लग काढल्यावर खाली लांबट थेंबाच्या आकाराचा शॅम्पेन स्पार्कल जसा कारखान्यातून निघाला असेल तसा दिसला, कारण उजेडही तिथपर्यंत कधी पोहोचला नव्हता. अशी खिडकी सापडल्यावर मूळ रंग कोणता, ताव किती जाड आणि वरचा पेंट त्याला कितपत धरून आहे, हे तिन्ही कळते. शेलच्या आतही पाहावे. लुडविगच्या शेलची आतली बाजू साधारण १९६१ पर्यंत पांढऱ्या रंगाची, त्यानंतर १९६८ च्या सुमारापर्यंत करड्या ठिपक्यांची आणि पुढे नैसर्गिक लाकडाची असे. बऱ्याच शेलवर आत तारखेचा शिक्काही असतो, आणि बॅजवर, म्हणजे कंपनीच्या नावाच्या धातूच्या पट्टीवर, अनुक्रमांक येऊ लागले ते १९६३ च्या अखेरीपासून. लेखातील छायाचित्रात शेल आतूनही रंगवलेला दिसतो. मला सर्वांत अधिक वाईट वाटले ते याचेच, कारण बाहेरचा रंग निदान कधीतरी निघू शकतो, पण घासून काढलेला शिक्का परत येत नाही.

रॅप शाबूत असेल तर काम वेळखाऊ आहे, अवघड नाही. गुळगुळीत सेल्युलॉइडला ऑइल पेंट फारसा धरत नाही. रंगाऱ्याने आधी घासून खडबडीत केले नसेल, तर प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने, अगदी जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनेही, तो पापुद्र्यासारखा सुटतो. धातूची पट्टी किंवा ब्लेड लावू नये. उरलेले ठिपके पाणी लावून बारीक वॉटर पेपरने, एक हजारपासून दोन हजार नंबरपर्यंत चढत जाऊन काढावेत आणि शेवटी प्लॅस्टिकच्या पॉलिशने झळाळी आणावी. मरीन पर्लची नक्षी तावाच्या जाडीत खोलवर असते, त्यामुळे थोडे घासले तरी चालते; स्पार्कलमध्ये मात्र चमकीवर केवळ एक पारदर्शक थर असतो आणि तो फुटला की चमकी निघून जाते. पिवळेपणा काही अंशी कमी होतो, पूर्ण जात नाही. तो घालवण्याचा अट्टहास करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

लाकडावर लॅकर मारलेल्या ड्रमचे गणित वेगळे आणि खरोखर कठीण आहे. ऑइल पेंट आणि खालचे नायट्रो लॅकर पुष्कळदा एकमेकांना घेऊनच सुटतात, आणि तिथे अनुभवी पॉलिशवाल्याच्या हातीही कधी कधी यश येत नाही. धातूच्या स्नेअरवर (खालच्या बाजूस तारा लावलेल्या छोट्या ड्रमवर) क्रोम असेल तर रिमूव्हर चालतो, मात्र कॉस्टिक सोड्याच्या टाकीत तो शेल कधीही बुडवू नये. लुडविगच्या १९६० च्या दशकातल्या सुप्राफोनिक स्नेअरचा शेल क्रोमखाली ॲल्युमिनियमचा आहे आणि कॉस्टिक ॲल्युमिनियम खाऊन टाकतो. बफिंगच्या चाकाचेही तेच, पातळ मुलामा त्याने उडतो.

जुना ऑइल पेंट कोरडा घासताना उडणारी भुकटी हा आरोग्याचाही प्रश्न आहे, आणि लेखात त्याचा उल्लेखही नाही. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये आले. त्याआधीच्या रंगात शिसे असण्याची शक्यता गृहीत धरूनच काम करावे. घासायचे तर ओलेच घासावे, तोंडावर चांगला मास्क असावा, मुलांना जवळ फिरकू देऊ नये आणि भुकटी झाडू न मारता ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

या सगळ्याचा आवाजाशी काय संबंध, असे मला वादक विचारतात. शेलच्या बाहेरच्या रंगाने आवाजात फारसा फरक पडतो असे मी म्हणणार नाही. फरक पडतो तो हेड ज्या काठावर टेकते त्या काठावर रंगाचे ओघळ सुकले असतील तर. तिथे हेड सपाट बसत नाही आणि ड्रम कितीही पिळला तरी एका सुरात येत नाही. हा काठ तज्ज्ञाकडूनच साफ करून घ्यावा, कारण तिथे एक चुकीची घासणी झाली तर लाकूड पुन्हा भरता येत नाही.

प्रत्येक ड्रमवरचा नंतरचा रंग काढलाच पाहिजे, असेही माझे म्हणणे नाही. बेस ड्रमच्या शेलवर एखाद्या जुन्या पेंटरने हाताने रेखलेले बँडचे नाव असेल, तर तो रंग हाच त्या वाद्याचा इथला इतिहास आहे आणि त्याला हात लावू नये. खालचे रॅप जळलेले, तुटलेले, अर्धे नाहीसे झालेले असेल तर नवा रंग किंवा नवे रॅप देण्यात काहीच गैर नाही. मात्र तसे करण्याआधी जुन्याची छायाचित्रे काढावीत, रॅपचा एखादा तुकडा पाकिटात जपून ठेवावा आणि लग, बॅज व स्क्रू कोणत्या जागचे होते याची नोंद करावी.

आता लग्नसराईच्या आधी बँडवाल्यांची आणि नाताळच्या आधी चर्चमधल्या वाद्यांची रंगरंगोटी सुरू होईल. म्हणून आपणास विनंती आहे की, त्या लेखातील थिनर व हॉट एअर गनविषयीच्या सूचनांबद्दल आपल्या दैनिकात शक्य तितक्या लवकर एक ठळक खुलासा छापावा आणि रंगवण्याआधी एक लग काढून पाहण्याची सूचना त्यात आवर्जून द्यावी.

आपला,
ड्रमदुरुस्तीचे काम करणारा एक वाचक, वसई