आठ दिवस ये, नुसती बोलिंग टाक

दादर, मुंबई
१ डिसेंबर २०२५

प्रिय बंड्या,

बुधवारी तुझे तीन फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत. गुवाहाटीच्या कसोटीत दक्षिण आफ्रिकेपुढे आपण १४० मध्ये आटोपलो होतो, ४०८ धावांनी हरलो होतो, आणि तू पहिल्या वाक्यालाच 'पीच' म्हणणार हे मला ठाऊक होतं. ते ऐकण्याची ताकद नव्हती. मग फोन न उचलल्याची लाज वाटली आणि त्या लाजेपायी आणखी चार दिवस गेले. काल मात्र असं घडलं की तुला लिहिल्यावाचून राहवेना. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र.

तब्येत ठीक. शुगर आहे तिथेच आहे.

काल नातवाला, ओमला घेऊन पार्कात गेलो होतो. बारावं लागलं त्याला. त्याचे कोचिंगचे सर साइडआर्मने, म्हणजे त्या बॉल फेकायच्या दांड्याने, भराभर बॉल फेकत होते आणि हा फाडफाड मारत होता. काय टायमिंग आहे रे पोराचं! येणारे-जाणारे दोघेतिघे बघत थांबले. सर पाणी प्यायला गेले तेव्हा मी बॉल घेतला. मी काही बोलर नाही, तुला माहीत आहे. दोन पावलं चालत, तू फिरकी टाकायचास तसा उंच सोडला. पाय अर्ध्यावर, हात कडक, आणि बॉल बॅटला लागून पॅडवरून शॉर्ट लेगच्या जागी, बॅटजवळच्या फील्डरच्या हातात जावा तसा, टपकन पडला. पुढचा बॅट-पॅडच्या फटीतून थेट यष्ट्यांवर. सहा चेंडूंत चारदा आऊट. पोरगं रडवेलं झालं आणि मला विचारतं, "आजोबा, बॉल थांबला का?"

बॉल थांबला नव्हता, बंड्या. तोच आधी खेळून मोकळा झाला होता.

म्हटलं, पाय पुरता पुढे टाक नाहीतर पुरता मागे जा, मधे लटकू नको. खालचा हात सैल सोड. तेवढ्यात सर आले. "काका, त्याची वीस ओव्हरची सिलेक्शन मॅच आहे, आत्ता डिफेन्स नको." माणूस वाईट नाही, पोरांसाठी उन्हात राबतो. मी गप्प बसलो. पण घरी येईपर्यंत डोक्यात एकच. जे गुवाहाटीला पाहिलं तेच माझ्या नातवात पाहिलं.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. फिरणाऱ्या विकेटींचे आखाडे आपणच करतो आणि आपणच त्यात पडतो. फार फिरणाऱ्या विकेटवर अश्विन आणि समोरचा साधा बोलर यांच्यातलं अंतर मिटतं. खोटं नाही. २०१२ ला वानखेडेवर टर्नर, म्हणजे फिरणारी विकेट, आपणच मागून घेतली आणि इंग्लंडच्या पनेसरने ११, स्वानने ८ काढले. २०१७ ला पुण्यात ऑस्ट्रेलियाच्या ओकीफने प्रत्येक डावात ३५ धावांत ६. गेल्या वर्षी त्याच पुण्यात न्यूझीलंडच्या सँटनरने १३, आणि मग इथे वानखेडेवर त्यांचाच एजाज पटेल. १४७ हवे होते रे फक्त. १२१ मध्ये संपलो. मी त्या दिवशी स्टँडमध्ये होतो. पंत ६४ वर गेला तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाने माझा हात धरला, तो शेवटपर्यंत सोडला नाही. एजाज याच मुंबईत जन्मलेला, आणि वानखेडेवरच्या दोन कसोटींत त्याने आपल्या २५ विकेट काढल्या!

पण गुवाहाटीचं काय करशील? त्याच विकेटवर त्यांनी ४८९ केले. आपण २०१ आणि १४०. शेवटच्या डावात त्यांच्या ऑफस्पिनर हार्मरला सहा. त्याआधीच्या कसोटीत कोलकात्याची विकेट वाईट होती, शुभमनची मान धरल्याने एक माणूस कमी होता, सगळं मान्य. तरी १२४ च्या पाठी ९३? तिथेच त्यांच्या कॅप्टनने, बवुमाने नाबाद ५५ केले, अख्ख्या सामन्यातलं एकमेव अर्धशतक. नीट बघ तो डाव. बॉल अंगाशी येऊ देतो, डोकं चेंडूवर, बॅट पॅडच्या पुढे, हात लोण्यासारखे. हे आपलं होतं ना रे?

१९८७ ची बंगळुरू आठव. भाऊंच्या घरी टीव्हीपुढे तू पाच तास पाय हलवू दिला नव्हतास कुणाला. पाकिस्तानचे फिरकीवाले तौसिफ, इक्बाल कासिम, विकेटवर धूळ उडतेय आणि सुनील गावसकर ९६. सोळा धावांनी हरलो, पण त्या हरण्यात शिकायला मिळालं. कर्नाटकच्या डावऱ्या फिरकीवाल्या रघुराम भटला रणजीत सुनील डावखुरा खेळला होता, चेंडू बाहेर वळू नये म्हणून. माणूस किती विचार करत असेल! आणि ९८ चा सचिन. ब्रेबॉर्नवर मुंबईकडून ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद २०४ केले, तरी चेन्नईच्या कसोटीआधी लेगस्पिनर शिवरामकृष्णनला नेटमध्ये राउंड द विकेट, मुद्दाम खरबडीत जागेवर टाकायला लावलं. पहिल्या डावात वॉर्नने चारवर काढला. दुसऱ्यात नाबाद १५५.

आता पंचांच्या निर्णयाला आव्हान द्यायचा रिव्ह्यू आल्यापासून पॅड पुढे टाकून बॅट मागे लपवता येत नाही, हेही खरं. आपली निम्मी पिढी त्यावरच जगली. (आपल्या पावसाळी कांगा लीगमधला माझा तो बॅट-पॅड कॅच: बॅट लागली नव्हती. चाळीस वर्षं झाली, तरी लागली नव्हती. रिव्ह्यू असता तर एलबी झालो असतो, एवढं कबूल.) पण मला राहून राहून वाटतं की फिरकी खेळायला कोच शिकवत नाही, फिरकीवाला शिकवतो. आपण पावसातल्या ओल्या, उघड्या विकेटवर तुझ्यासारख्यांना खेळलो, म्हणून हात सैल पडले. मुंबईचे बॅट्समन पॅडींना, पद्माकर शिवलकरांना, खेळून तयार झाले. फर्स्ट क्लासमध्ये ५८९ विकेट, एक कसोटी नाही, आणि तरी समोरच्याला शिकवत राहिला तो माणूस. मार्चमध्ये गेले तेव्हा तू फोनवर नुसता हुंदका दिलास, तेव्हाही मला बोलता आलं नव्हतं. ओमच्या नेटमध्ये तेवीस पोरं आहेत, त्यात फिरकी टाकणारं एक. तेही बॉल सपाट फेकतं, कारण उंच सोडला की षटकार बसतो आणि ओरडा त्यालाच.

वहिनींचा मोतीबिंदू झाला का? राजूचं नोकरीचं कळव. द्राक्षं यंदा पावसातून किती वाचली?

आणि आता मुद्द्याचं. नाताळच्या सुट्टीत आठ दिवस ये. शिकवू नकोस, नुसती बोलिंग टाक. खांदा दुखतो म्हणशील, तर दिवसाला चार ओव्हर. कोपऱ्यातल्या जागेवर सकाळी पाणी मारून ठेवायचं मी माळीबुवांशी बोलून ठेवलंय. पंचवटी एक्स्प्रेसने निघ, मी स्टेशनावर येतो.

ओमला अजून तुझं नावही सांगितलेलं नाही. एवढंच म्हटलंय, एक आजोबा येणार आहेत, त्यांचा बॉल खरंच थांबतो.

तुझा,
अव्या