गुलालाची पुडी आणि व्हिडिओ कॉल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला जवानांच्या कुटुंबांवरचा लेख वाचला. व्हिडिओ कॉलमुळे आता ताटातूट अशी राहिलीच नाही, असं लेखकमहाशय म्हणतात. त्यांच्या घरातलं कोणी फौजेत आहे का? माझा मुलगा आज ज्या पोस्टवर आहे तिथं रेंज नाही. गेल्या महिन्यात तो दोनदा बोलला, दोन्ही वेळचं मिळून पाच मिनिटं.

त्याचे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १९९९ साली कारगिल पेटलं तेव्हा ते काश्मिरात. आमच्या गावात फोन एकच, तोही किराणा दुकानात. सगळी भिस्त पत्रावर. पत्त्यात गाव नसायचं. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस. माणूस कुठल्या डोंगरावर आहे ते काही कळायचं नाही.

त्या सालच्या चैत्र यात्रेतला जोतिबाचा गुलाल मी पुडी बांधून पाठवला. इनलँड म्हणजे घडीच्या पत्रात काही घालता येत नाही, म्हणून मुद्दाम पाकीट आणलं. पुडी वाटेतच फुटली. तेवीस दिवसांनी त्यांचं उत्तर आलं, "अक्षर एक लागलं नाही, पण सगळं पोचलं." घरी असताना देवाला हात जोडायची आठवण करून द्यावी लागायची, असा हा माणूस. ते गुलाबी पत्र घडी घालून त्यांनी डाव्या खिशात ठेवलं. रजेवर आले तेव्हा घामानं, पावसानं घडीतल्या गुलालाचा खडा झाला होता. आजही तो आमच्या देव्हाऱ्यात अंबाबाईच्या तसबिरीपाशी आहे. याला कोणी अंधश्रद्धा म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं. ते तेवीस दिवस मी कसे काढले ते मला माहीत आहे.

आता मुलगाही जाताना पुडी मागून नेतो. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून देते.

लिहायचंच असेल तर जवानाच्या रजेवर लिहा. मुलगा वीस दिवसांसाठी आला होता. त्यातले सहा दिवस सातबाऱ्यावर वारसनोंद करण्यासाठी एका कार्यालयात हेलपाटे घालण्यात गेले. साहेब मीटिंगला, साहेब दौऱ्यावर, उद्या या. त्याच्या लेकीनं त्या सहा दिवसांत रोज संध्याकाळी उंबऱ्यात बसून वाट पाहिली. तो गाडीत बसला तरी नोंद झाली नव्हती. अजूनही झालेली नाही.

आपली,
एका जवानाची आई, ता. गडहिंग्लज, जि. कोल्हापूर