अण्णांच्या तपासणीविषयी

सदाशिव पेठ, पुणे

प्रिय अविनाश यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि अण्णांचे रिपोर्ट मिळाले. हिमोग्लोबिन 8.6 वर आले आहे, शरीरातले लोह कमी आहे, पण पोटाची सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आहे. तेव्हा लोहाच्या गोळ्या देऊन दोन-तीन महिने वाट पाहावी का, असे तू विचारले आहेस. वाट पाहू नकोस, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

माझ्या मावशीच्या वेळी आम्ही याच ‘नॉर्मल’ शब्दावर पाच महिने विसंबून राहिलो. शेवटी दुर्बिणीतून तपासणी झाली, तेव्हा मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात गाठ निघाली. त्या भागातल्या गाठीतून थोडे थोडे रक्त झिरपते, ते मलात मिसळून जाते आणि डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो केवळ रक्तक्षय. ध्वनिलहरी हवेतून नीट पुढे जात नाहीत, म्हणून यकृत, पित्ताशय किंवा मूत्रपिंडाविषयी सोनोग्राफी जितक्या खात्रीने सांगते, तितक्या खात्रीने ती आतड्याच्या अस्तराविषयी सांगू शकत नाही. एवढी साधी गोष्ट आम्हाला वेळेवर कोणी समजावून सांगितली नाही, याची खंत मला आजही आहे.

सीटी स्कॅनने भागेल का, या तुझ्या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर द्यावे लागेल. पोटाच्या नेहमीच्या सीटीत आतडे मिटलेले आणि मलाने भरलेले असते, त्यामुळे मोठी गाठ दिसली तरी पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेला छोटा मांसल उंचवटा, सहज लपून राहतो. डेव्हिड व्हायनिंग या अमेरिकी रेडिओलॉजिस्टने (स्कॅन वाचणाऱ्या तज्ज्ञाने) 1994 मध्ये मांडलेली सीटी कोलोनोग्राफी ही वेगळी तपासणी आहे. तिच्यात आतडे रिकामे करून वायूने फुगवतात आणि रुग्णाला उताणे व पालथे निजवून दोनदा स्कॅन घेतात, म्हणजे उरलेला मल जागा बदलतो आणि पॉलिप जागीच राहतो. अमेरिकेत 2003 मध्ये 1233 जणांवर झालेल्या अभ्यासात तिने 10 मिलिमीटर किंवा त्याहून मोठे पॉलिप असलेले सुमारे 94 टक्के लोक ओळखले, पण पुढच्याच वर्षी 615 जणांच्या दुसऱ्या अभ्यासात हे प्रमाण अवघे 55 टक्के भरले. मी हे आकडे पुन्हा पुन्हा वाचले. पहिल्या अभ्यासात उरलेला मल वेगळा ओळखू यावा म्हणून आधी औषध पाजले होते आणि चित्रे त्रिमितीत वाचली होती. दुसऱ्यात तसे नव्हते व वाचणाऱ्यांचा अनुभवही बेताचा होता. 2008 मध्ये 15 केंद्रांतल्या अडीच हजारांवर लोकांची तपासणी प्रशिक्षित रेडिओलॉजिस्टांनी वाचली, तेव्हा प्रमाण 90 टक्के आले. म्हणजे यंत्राइतकेच ते वाचणाऱ्याच्या नजरेला महत्त्व आहे. 6 मिलिमीटरहून लहान आणि चपटे पॉलिप मात्र तिलाही नीट सापडत नाहीत.

कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, हीही अचूक नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही. एकाच रुग्णाची लागोपाठ दोनदा दुर्बीण केलेल्या अभ्यासांचा 2006 मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. पहिल्या वेळी एकूण 22 टक्के पॉलिप निसटले होते, पण 10 मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्यांपैकी निसटले जेमतेम 2 टक्के. घड्यांच्या आड किंवा नीट साफ न झालेल्या आतड्यात ते राहून जातात. कर्करोगाची गाठ ओळखण्यात मात्र दोन्ही तपासण्या जवळजवळ सारख्याच, साधारण 95 टक्क्यांच्या आसपास आहेत.

तरीही अण्णांसाठी मी दुर्बीणच सुचवतो. सीटीत काही दिसले तर बायोप्सीसाठी (तपासायला छोटा तुकडा काढण्यासाठी) पुन्हा दुर्बीण करावीच लागेल, म्हणजे पोट साफ करण्याचा त्रास दोनदा. दुर्बिणीत मात्र पॉलिप दिसताच बहुधा तेव्हाच काढता येतो. दुर्बीण शेवटपर्यंत पोहोचली नाही, किंवा त्यांच्या हृदयाला ती झेपणार नाही असे डॉक्टर म्हणाले, तर सीटी कोलोनोग्राफी अवश्य करू. रक्तक्षय असल्यामुळे जठराचीही दुर्बीण त्याच वेळी करावी का, हेही डॉक्टरांना विचार.

आदल्या दिवशीच्या जुलाबाच्या औषधाने सांगलीहून एसटीचा प्रवास अशक्य होईल, म्हणून दोन दिवस आधीच आमच्याकडे या. लोहाच्या गोळ्यांनी मल काळा व चिकट होतो आणि दुर्बिणीत नीट दिसत नाही, म्हणून त्या बहुधा आठवडाभर आधी थांबवतात. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर तिचेही डॉक्टरांना आजच विचारून घे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिलिंद