पोथी हलवण्याआधी दप्तर नोंदवावे

माननीय सांस्कृतिक कार्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

पाथरी तालुक्यातील एका जोशी घराण्याच्या माळवदी वाड्यात भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’ची हस्तलिखित पोथी आहे आणि ती एखाद्या संग्रहालयात हलवावी, असे आता बोलले जात आहे. पोथी सुरक्षित राहावी, याबद्दल दुमत नाही. मात्र ती हलवण्याआधी त्या घरचे अख्खे दप्तर जागेवरच नोंदवले जावे, ही माझी विनंती आहे.

‘बीजगणित’ हा ११५० मध्ये पूर्ण झालेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चा भाग असून त्याच्या प्रती अनेक ग्रंथालयांत आहेत, तेव्हा केवळ मजकुरासाठी कोणी पाथरीला येणार नाही. या प्रतीचे मोल तिच्या शेजाराने ठरते. ती ज्या रुमालात, म्हणजे पोथ्या बांधण्याच्या कापडात, आहे त्यातच ‘लीलावती’, गणेश दैवज्ञांचे ग्रहगणितावरील ‘ग्रहलाघव’, तिथींची कोष्टके आणि कुंडल्यांची टिपणे बांधलेली आहेत. पंचांग मांडणाऱ्या घरात कुट्टक आणि वर्गप्रकृती (समीकरणांची पूर्णांकी उत्तरे काढण्याच्या ‘बीजगणिता’तील रीती) कोण, कशासाठी शिकत होते, याचा माग अशा रुमालातूनच लागू शकतो. हा प्रदेशही या विद्येला परका नाही. अभ्यासक ज्याला पाथरी मानतात, त्या पार्थपूरच्या ज्ञानराजांचे पुत्र सूर्यदास यांनी १५३८ मध्ये याच ‘बीजगणिता’वर ‘सूर्यप्रकाश’ हा भाष्यग्रंथ लिहिला. (सरळ वाचल्यास रामाची आणि उलट वाचल्यास कृष्णाची कथा सांगणारे काव्य रचणारे ते हेच गृहस्थ.)

छायाचित्रणाबाबतही लिहिणे भाग आहे. या ग्रंथात अज्ञात राशी ‘या’, ‘का’, ‘नी’ अशा आद्याक्षरांनी व ज्ञात संख्या ‘रू’ने दाखवतात आणि ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देतात. एका पानावर ‘रू ९’च्या वरचा ठिपका शाईचा आहे की कसरीने पाडलेले छिद्र, हे पान उजेडात धरल्यावरच मला ठरवता आले. मोबाइलवर घाईने काढलेल्या चित्रात धन आणि ऋण यांची अदलाबदल व्हायला वेळ लागणार नाही.

केंद्राने २०२५ च्या अर्थसंकल्पात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांसाठी ‘ज्ञान भारतम्’ मोहीम जाहीर केली आहे. तिच्या आधारे आपण जिल्हावार पथके नेमून ती घरोघरी पाठवावीत, रुमालातील क्रम न मोडता यादी करावी, चित्रांची एक प्रत कुटुंबाला द्यावी आणि त्यांच्या लेखी संमतीशिवाय एकही पान हलवू नये. या वाड्याचे माळवद गळते आहे, त्यामुळे येथील काम मृगाच्या आधी व्हावे.

आपला नम्र,
परभणी जिल्ह्यातील एक गणित शिक्षक